फूटपाथवरचा प्राणी

कोलकात्यातल्या इतर आयांसारखीच संचारीही लेकीची शाळा सुटेपर्यंत फाटकासमोरच्या फूटपाथवर बसून राहायची. तितिर बाहेर आली, तशी पाण्याच्या बाटलीआधी तिने प्रश्न पुढे केला.

"परिस्थितीशी जुळवून घेणारा प्राणी कुठला लिहिलास? उंटच ना?"

"उंट सगळ्यांनीच लिहिला, मा. मी 'आई' लिहिलं. खाली वर्तमानपत्र, वर छत्री, भर उन्हात पाच तास जागची हलत नाही."

"अगं कार्टे! चार दिवस घोटून घेतलं ते गेलं पाण्यात! मिस काय म्हणाल्या?"

"उद्या बाहेर येऊन निरीक्षण करायचंय. खरं निघालं तर दहापैकी दहा."

दुसऱ्या दिवशी तिसरीचा अख्खा वर्ग भिंगं घेऊन फाटकाबाहेर आला. संचारीच्या नाकावर माशी बसली होती. तिने ती हाकलली नाही.