सहीपुरता वेळ

“चोर म्हणा, गुंड म्हणा, काय वाट्टेल ते म्हणा. पण माझ्या पोराला वेडा म्हणू नका.” शशिकांत दिघ्यांनी समोरचा कागद ऊर्मिलाकडे परत सरकवला.

ऊर्मिलानं घड्याळाकडे पाहिलं. साडेअकरा वाजत आले होते. शुक्रवार होता आणि जर्मनीतल्या आखन शहराच्या सरकारी वकिलांकडे हा कागद बारापर्यंत पोचायला हवा होता. नाही पोचला, तर शार्दूलवर रीतसर खटला उभा राहणार होता.

शार्दूल दोघांच्या मधल्या खुर्चीत मान खाली घालून बसला होता. एकतीस वर्षांचा, इंजिनियरिंगमध्ये पीएच.डी. करणारा. मार्चमध्ये त्यानं प्रयोगशाळेतली दोन यंत्रं हातोडीनं फोडली होती. अडवायला आलेल्या हाउसमाइस्टरला, म्हणजे इमारतीची देखभाल करणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला, त्यानं ढकललं. म्हाताऱ्याचं मनगट मोडलं. पोलिस आले, मग रुग्णालय झालं. दहा आठवड्यांच्या औषधांनंतर आता कुठे त्याच्या नजरेत ओळख परतली होती.

ऊर्मिलाचं कामच हे होतं. आजारापायी गुन्हा घडलेल्या माणसाला कोर्टाच्या दारातून वळवून उपचारांकडे न्यायचं. त्यासाठी वकील, डॉक्टर, पोलिस, घरचे अशी सगळी मोट बांधायची. या वेळी मोट बांधून झाली होती. हाउसमाइस्टरनंसुद्धा लिहून दिलं होतं, “मुलगा वाईट नाही. बरा झाला की भेटायला यावं.” राहिली होती फक्त शार्दूलची सही. उपचार चालू ठेवीन, एवढंच त्याला कबूल करायचं होतं. पण संगमनेरहून वडील आल्यापासून त्याचा हात पेनाकडे जाईना.

“काका, शिक्षा झाली तर त्याचं शिक्षण जाईल, व्हिसाचंही अवघड होईल,” ऊर्मिला म्हणाली. “आणि आजार आहे तिथेच राहील.”

“मॅडम, चौतीस वर्षं पोलिसात काढलीत मी. हेड कॉन्स्टेबल म्हणून निवृत्त झालो. गुन्हेगार शिक्षा भोगून सुटतो. वेडा कधी सुटलेला पाहिलाय तुम्ही?”

“पाहिलाय,” ऊर्मिला शांतपणे म्हणाली. “एकीच्या बेकरीतून मी रोज सकाळी पाव घेते. तिनंही एकदा आजाराच्या भरात दुकानांच्या काचा फोडल्या होत्या.”

शशिकांतांनी स्वेटरच्या बाह्या उगाच खाली ओढल्या. जून उजाडला तरी त्यांना इथली थंडी सोसत नव्हती.

तेवढ्यात शार्दूल बोलला. इतका हळू, की ऊर्मिलाला पुढे वाकावं लागलं.

“बाबा, मला त्या यंत्रांतून हाका यायच्या.”

“कसल्या हाका?”

“माझं नाव घेऊन. दिवसभर. मी कानात बोळे घालायचो, तरी यायच्या. मला कुणाला मारायचं नव्हतं हो. फक्त ते थांबवायचं होतं.”

शशिकांतांचा चेहरा उतरला. मघाचा करडा आवाज कुठल्या कुठे गेला.

“नाव घेऊन?” त्यांनी विचारलं.

शार्दूलनं मान हलवली.

खालून बस गेली, सायकलची घंटी वाजली. ऊर्मिलानं घाई केली नाही. माणूस आतून हलत असला की त्याला ढकलायचं नसतं, हे ती या खुर्चीत बसूनच शिकली होती.

“मी नवा शिपाई होतो तेव्हाची गोष्ट,” शशिकांत अखेर म्हणाले. “आमच्या ठाण्यात एकाला सारखं धरून आणायचे. लोकांच्या विहिरींवरचे पंप फोडायचा. म्हणायचा, पंपातून कुणीतरी मला नावानं हाका मारतंय. साहेब भला माणूस. म्हणाले, याची जागा कोठडीत नाही, याला येरवड्याच्या इस्पितळात पाठवू. घरच्यांनी फक्त आजारी आहे म्हणून लिहून द्यावं.”

“दिलं?” ऊर्मिलानं विचारलं.

“नाही दिलं. वेडा म्हटलं तर घराला डाग लागेल, पाठच्यांची लग्नं अडतील. त्यापेक्षा चोरीचा गुन्हा लावा म्हणाले, चार महिन्यांत सुटून येईल. दहा जणांत मान खाली घालावी लागली तरी चालेल, पण तो शब्द नको. मग तसंच केलं. कागद मी माझ्या हातानं लिहिला. माझं अक्षर चांगलं होतं.”

त्यांनी टेबलावरचा कागद उचलला. जर्मन त्यांना येत नव्हतं, तरी त्या ओळींवरून त्यांनी सावकाश नजर फिरवली. मग तो शार्दूलसमोर ठेवला आणि लहानपणी पाटीवर गिरवून घेताना ठेवत तसा आपला हात त्याच्या पाठीवर ठेवला.

“कर सही, बाळा. आजारी आहेस. आजारी माणसानं औषध घ्यायचं असतं.”

शार्दूलनं सही केली. ऊर्मिलानं कागद लगेच स्कॅन करून पाठवला. बारा वाजायला वीस मिनिटं होती.

शार्दूल मात्र वडिलांकडेच पाहत होता.

“तो माणूस सुटला का, बाबा?”

“नाही. तिसऱ्या महिन्यात तुरुंगातच गेला. प्रेत ताब्यात घ्यायला मी गेलो होतो.”

“पोलिस म्हणून?”

शशिकांतांनी मुलाच्या पाठीवरचा हात काढला नाही.

“नाही रे. भाऊ म्हणून.”