कुटाराचं अंथरूण

बदकं सहा होती आणि खुराडं चौदांचं बांधलं जात होतं. तुराट्यांची तिसरी ताटी उभी करताना गोविंदाने हे दोनदा मोजलं. माणूस मोजण्यात पक्का होता, बायकोपुढे बोलण्यात कच्चा.

"एवढं मोठं कायले व?"

"थंडीची लाट येऊन राह्यली. पाव्हणे येतीन," कोकिळा म्हणाली आणि कुटाराचं आणखी एक टोपलं आत ओतलं.

सोयाबीनचं कुटार, मळणीनंतर उरलेला भुसा, चार दिवस उन्हात वाळवलेला. मुठीत दाबलं की कुरकुरलं पाहिजे. न कुरकुरणारी मूठ ती बाजूला टाकत होती. ताट्यांना खालून हातभर शेणमाती लिंपलेली, बदकांच्या अंगावर वारा यायला नको म्हणून. वर छपराखाली वीतभर फट मोकळी, आतली वाफ बाहेर जावी म्हणून. पाण्याचं घमेलं खुराड्याच्या बाहेर. गेल्या हिवाळ्यात तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. म्हणून तिने जावेला विचारलं होतं.

थोरली जाऊ पुष्पांजली कुंपणापलीकडेच राहायची. तिने सांगितलं, ताडपत्री चारी बाजूंनी आवळून टाक, मुंगी जाईल एवढीही फट नको. कोकिळेने आवळली. आठ दिवसांत आतलं अंथरूण ओलंचिंब झालं, बदकं घरघरू लागली, आणि संक्रांतीच्या आत सातच्या सात गेली. तोवर बदकाचं अंडं पाहिजे असलेला माणूस कोकिळेचं दार वाजवायचा. होळीला पुष्पांजलीने मोताळ्याहून आठ बदकं आणली, आणि माणसं दोन पावलं पुढचं दार वाजवू लागली. कोकिळेची ही सहा त्यानंतरची, पावसाळ्यात आणलेली.

"वहिनीले काय माहीत? चुकलं असन," गोविंदा वर्षभर एवढंच म्हणत आला होता. भावाची बायको, त्याच्यापुरतं प्रकरण मिटलेलं. ती सात बदकं खड्ड्यात पुरली मात्र कोकिळेने, एकेक करून.

कुंपणावर पुष्पांजलीचं डोकं दिसलं.

"काय व कोकिळे, बदकाईचं खुराडं करून राह्यली का लग्नाचा मांडव?"

"थंडी हाय ना बाई. तुमच्या बदकाईचं केलं का काही?"

"करतो उद्या-परवा. एवढी काय घाई!"

"आमची ताडपत्री पडेल हाय घरात. न्या," कोकिळा कुटार पसरता पसरता म्हणाली. "चारी बाजूनं आवळून टाका. मुंगी जाईन एवढी फट नका ठेवू."

"नाई बाप्पा!" पुष्पांजली फटकन बोलून गेली. "आवळली का आत ओल धरते. मी ल्हान होती तवा आमच्या बाबाची सारी बदकं अशीच गेली..."

आणि ती थांबली.

लहानपण मागे टाकून तिला चाळीसेक वर्षं झाली होती. गेला हिवाळा गेल्याच वर्षीचा. एवढी वजाबाकी गोविंदालाही जमली. सुतळीची गाठ मारता मारता त्याचा हात तसाच राहिला. तो वहिनीकडे बघत होता. वहिनी ताटीकडे बघत होती. कोकिळा कोणाकडेच बघत नव्हती. ती कुटार पसरत होती.

"चुलीवर दूध हाय माहं," असं म्हणत ते डोकं कुंपणाखाली गेलं.

दिवस कलला. कोकिळेने जर्मनच्या गंजात मक्याचा भरडा घेतला, त्यावर कोमट पाणी ओतलं. दिवसभर दोन्ही घरची बदकं एकाच नाल्यात असायची. संध्याकाळी कुंपणापाशी येऊन वाटा फुटायच्या, सहा अलीकडे, आठ पलीकडे. पंधरा दिवसांपासून कोकिळा हा भरडा त्या फाट्यावरच टाकत होती, सगळ्यांना, आपपर न करता. आज गंज तिने खुराड्याच्या दारात नेऊन ठेवला आणि पळीने तीनदा वाजवला.

"वहिनीची बदकं हायेत ते," गोविंदा हळूच म्हणाला.

"हायेतच. सकाळी दार उघडलं का जातीन आपल्या घरी." तिने पळी पुन्हा वाजवली. "बदक अंडं कवा देते?"

"पहाटे."

"कुठी?"

"निजते तिथीच."

एवढं बोलून त्याने खुराड्याची रुंदी नव्याने पाहिली.

बदकं आली. एकामागे एक, डुलत, माना पुढे काढून, गंजात चोची घालून दारातून आत. गोविंदा मोजत होता. तेरा. चौदावं फाट्यावर उभं. पलीकडून पुष्पांजली त्याला बोलावत होती, "ये ये ये!" त्याने मान तिकडे केली, एक पाऊलही टाकलं.

गोविंदा उठला. बायकोच्या हातातून त्याने पळी घेतली आणि गंजावर अशी वाजवली, की छपरावरचा कावळा उडाला.

चौदावं वळलं.

"अवं कोकिळे, माही आठही तिकडं घुसली व!" कुंपणावर डोकं पुन्हा आलं.

"राहू द्या बाई आजची रात," कोकिळा म्हणाली. "इथं ओल नाई धरत."

"भाऊजी, तुमी तरी सांगा तिले!"

गोविंदाने खुराड्याचं दार ओढलं, कडी घातली, नीट बसली का ते हलवून पाहिलं.

"बदकाईले काय माहीत, वहिनी," तो म्हणाला. "चुकलं असन."