कच्चा खांदा

“निसटतो का खांदा? खरं सांग,” डॉक्टर इंद्रजितनं तिसऱ्यांदा विचारलं.

“न्हाई,” शिवांजली तिसऱ्यांदा म्हणाली, आणि वर हसलीसुद्धा.

कराडच्या त्या दवाखान्यात इंद्रजितसमोर रोज पैलवान यायचे. मोडलेले, मुरगळलेले, सुजलेले. पण गोल्फ खेळणारी पोर ही पहिलीच. बाप फौजेत. पुण्याच्या छावणीत असताना तिथल्या मैदानावर शिकली, आणि एकोणिसाव्या वर्षी थेट राज्याच्या निवडीपर्यंत पोचली. निवड सोमवारी. त्याआधी तंदुरुस्तीच्या कागदावर डॉक्टरची सही पाहिजे.

इंद्रजितला संशय होता. गोल्फची काठी मागं उचलताना डावा हात छातीवरनं आडवा जातो. ढिला खांदा तिथंच मागं सरकतो. तिनं काठी उचलून दाखवली तेव्हा नेमकी तिथंच पोरीची पापणी लवली होती. पण एक्स-रेत हाड जागच्या जागी. त्यानं हात आडवा धरून मागं रेटला, तर तिनं दंड असा आवळला, की जणू पाटा-वरवंटा; खांदा तसूभर हलेना. सांगितलं तर सहा महिने खेळ बंद, यंदाची निवड गेली. लपवलं तर अजून चार-पाचदा निखळून खोबणीची कड झिजणार, आणि मग वेणी घालायलासुद्धा तो हात वर जाणार नाही.

कोपऱ्यात तिचा आजा बसला होता. नाथाजी वस्ताद. औंधपास्नं विट्यापर्यंत ज्यानं मैदानं मारली, ज्याची पाठ कुणी मातीला लावली नाही, तोच. तालमीत त्याचा पहिला धडा एकच: कच्ची बाजू समोरच्याला दाखवायची न्हाई. दुखलं तर हसायचं.

इंद्रजितनं सहीसाठी पेन उचललं.

“थांबा वो डॉक्टर,” वस्ताद उठला. सदरा काढून खुंटीला अडकवला. “तिचा ऱ्हाऊ द्या. आधी माझा बघा. डावा.”

दाराला नुसता पडदा. बाहेर बाकावर दुसऱ्या तालमीचे चार पैलवान कान टवकारून बसलेले.

इंद्रजितनं हात जरासा रेटला मात्र, वस्ताद असा बोंबलला, की कंपाउंडर धावत आला. “तीस वर्सं निसटतोय ह्यो! कुस्ती मी हौसेनं सोडली न्हाई. ह्या खांद्यानं सोडाया लावली. कुणाला बोललो न्हाई, आन आतनं झिजत गेलो.”

बाहेर बाकावर कुजबुज सुरू झाली. दिवस मावळायच्या आत ही बातमी विट्याला पोचणार होती.

शिवांजलीचं तोंड उतरलं. “आबा, तुमी कवा बोलला न्हाईसा.”

“बोलतोय न्हवं आता? आगं, कुस्तीत समोरचा कच्चा खांदा हेरून धरतो, म्हणून लपवायचा. तिथं तुझा खांदा धराया कोण येतंय? चेंडू?”

ती हसायला गेली, आणि हसता हसता डोळे भरले. “चार येळा निखळलाय, डॉक्टर. शेवटचं गेल्या रविवारी.”

इंद्रजितनं पेन खाली ठेवलं. सगळं लिहून घेतलं, व्यायाम समजावला, आणि तिला नर्ससोबत पुढच्या तपासणीला धाडलं. मग वस्तादाकडं वळला. खांदा वर केला, फिरवला, ओढला, पुढनं मागनं रेटून बघितला. या खेपेला वस्ताद हूं का चूं करीना.

“वस्ताद, ह्या खांद्याला काहीही झालेलं नाही.”

“व्हय तर. उसाची मोळी अजून ह्याच्यावरच असती.”

“अहो, मग तिचं सरळ मला सांगायचं!”

“मी सांगितलं असतं, तिनं न्हाई म्हटलं असतं. लपवायची विद्या मीच दिलीया तिला. मलाच काढून घ्याया पायजे हुती.”

इंद्रजित पडद्याकडं निघाला. “निदान बाहेरच्यांना तरी सांगतो. उगाच तुमचं नाव...”

वस्तादानं त्याचं मनगट धरलं. डॉक्टरला ते काही सुटेना.

“खबरदार! तिच्या कानावर गेलं तर पुन्ना लपवाया लागंल. त्यापरास गळ्यात पट्टी अडकवा माझ्या. जरा मोठी घ्या, लांबनं दिसली पायजे.”