दोन टोपणं कमी

"पावशेर वगैरे मला कळत नाही, बाई. मिलीत मोजून या," कुडाळच्या डॉक्टरांनी फ्लाव्हियाला सांगितलं.

घरी येऊन तिने खोकल्याच्या औषधाचं टोपण शोधलं. त्यावर दहा मिलीची रेघ होती. नवऱ्याचा, रोझारियोचा, रोजचा फेणीचा पेला तिने पाण्याने भरला आणि टोपणाने मोजला. चोवीस टोपणं निघाली. म्हणजे दोनशे चाळीस मिली!

"दर आठवड्याला वीस मिली कमी करा," तिने आकडा सांगितल्यावर डॉक्टर म्हणाले. "एकदम तोडलीत तर झटके येतील. नाही तोडलीत तर लिव्हर त्यांना ईस्टर बघू देणार नाही."

वीस मिली म्हणजे दोन टोपणं. फ्लाव्हियाने कंबर कसली. रोज संध्याकाळी पेला काठोकाठ भरायचा, ठरलेली टोपणं काढून घ्यायची आणि उरलेली नवऱ्यापुढे ठेवायची. एकदा पेल्यात ओतलेली फेणी बुधल्यात परत टाकायची नाही, हा सासऱ्यांच्या वेळचा रिवाज. काढलेली फेणी मग तिच्या गुडघ्यांना चोळायच्या बाटलीत जायची.

"आज बावीस," पहिल्या दिवशी ती म्हणाली.

"माका जीवानिशी मारतलस गो!"

"मारूक नाय, जगवूक."

त्याने आदळआपट केली, तिच्या माहेरचा उद्धार केला. तिने थेंब वाढवला नाही. दिवाळीपर्यंत पेला अर्ध्यावर आला आणि रोझारियो पुन्हा जेवू लागला.

मोजताना आताशा तिचाच हात थरथरायचा. "वय झालां," ती म्हणायची. दाढ दुखते म्हणून चर्चमध्ये मिसाला जाताना तोंडात लवंग असायची. गुडघ्यांची बाटली काही भरत नव्हती. थंडीत गुडघे जास्तच धरतात.

नाताळच्या आठवड्यात पेला कोरडा झाला. तपासणी करून डॉक्टर म्हणाले, "बाईंनी माणूस वाचवला." फ्लाव्हिया तिथेच रडली. गोव्यातल्या लेकीला, लूर्डसला, तिने एसटीडीवरून कळवलं.

त्या संध्याकाळी सवयीने तिने पेला काठोकाठ भरला. रोझारियो उठून आला.

"माका आता नको, फ्लाव्हिया."

"तुका नाय. गुडघ्यांका."

तिच्या हातातलं टोपण त्याने काढून घेतलं, पेल्यातली दोन टोपणं मोरीत ओतली आणि पेला तिच्यापुढे सरकवला.

"आज बावीस."