चांगला दवाखाना

कळ सोसेना म्हणून दैवशाला किंचाळली, तशी सिस्टरने तिच्या मांडीवर फाडकन चापट मारली. "गप पड! नवऱ्याजवळ जाताना नाही ओरडलीस ती!" दैवशालेने ओठ दातांखाली दाबला. घरी मेंढी व्यायला लागली की तिचे सासरे मेंढरांच्या वाड्यावर कुत्र्यालाही भुंकू देत नसत.

बाळ जन्मलं ते निळंसर, निपचित. त्याच सिस्टरने ते झटकन उचललं, पाठ चोळली, तोंडावर मास्क लावून त्याला जोडलेली हवेची पिशवी दाबत राहिली. "रड ना रे राजा, रड," असं विनवत राहिली. ते रडलं तेव्हा तिच्याही डोळ्यांत पाणी आलं. दैवशालेकडे मात्र तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

दोन वर्षांनी नणंद शिवकांताचे दिवस भरत आले. ती घाबरली होती.

"वैनी, खरं सांगा. त्यो दवाखाना चांगला हाय का? न्हाईतर मी घरीच सुईण बोलावते."

अंगणात दैवशालेचा लेक कोकराच्या मागं धावत होता. दैवशालेने त्याच्याकडे पाहिलं.



"तिथंच जा," ती म्हणाली. "लेकरासाठी लय चांगला हाय."