मेंबरच्या दारचा नळ

पंच्याऐंशी साली राजुऱ्यात आमच्या वॉर्डाला पहिला सार्वजनिक नळ मिळाला, तो थेट मेंबर श्रावणभाऊंच्या दारात. त्यांची बायको रुखमा पायरीवर बसूनच हंडे भरायची आणि समोरच्या अंगणातून मी जळायचे. वर्षभर सोसलं. मग बाया गोळा करून त्यांच्या ओसरीवर जाऊन बसले.

"मेंबर झाले म्हणून नळ घरीच नेऊन ठेवता काय, भाऊ?"

आठ दिवसांत नळ माझ्या दारात आला. त्याच्यामागून पहाटेची रांग आली, भांडणं आली. पंधरवड्यात माझ्याकडे भाड्यानं राहणारे कॉलेजचे सर ट्रंक घेऊन निघाले.

"कुठी चालले, सर?"

"समोरच. रुखमाबाईंनी खोली दिली. तिकडे आता शांत असतं."

रुखमा दारातच उभी होती. म्हणाली, "वर्षभर मी आमच्या मेंबरले सांगून राह्यली होती बाई, नळ हलवा म्हणून. ऐकलं ते तुमचंच."