मावशींची नाडी

मावशी दाराशी आल्या, चपलेत एक पाय घातला आणि तिथेच थांबल्या.

"आज नको गं. उद्या जाऊ."

"कालही हेच म्हणालात," नर्स म्हणाली. "असे किती उद्या साठवून ठेवणार?"

"तू आहेस ना पण सोबत?"

"मी कुठे पळून जातेय? धरा हात."

मावशी खालच्या मजल्यावर नव्यानेच राहायला आल्या होत्या. ओळख नर्सच्या आईने करून दिली. "बाई एकटी आहे गं. घाबरायचा आजार आहे, दाराबाहेर पाऊल टाकत नाही," आई म्हणाली. "तू घरीच असतेस, तर बघ की जरा तिच्याकडे." आई अगदी हातापाया पडल्यासारखी बोलत होती. नर्सने मागच्या वर्षी एका खासगी रुग्णालयातली नोकरी सोडली होती. रात्रपाळ्यांना कंटाळली म्हणे. एक जिना उतरून जायचं, एवढंच काम. ती हो म्हणाली.

आणि काम तिला येत होतं. परगावी शिकत असताना मनोविकार वॉर्डात काढलेले दिवस ती विसरली नव्हती. घाबरलेल्या माणसाला "घाबरू नका" म्हणायचं नाही. त्याने भीती जात तर नाहीच, वर माणूस चिडतो. शेजारी बसायचं, आवाज खाली ठेवायचा, त्याच्यासोबत श्वास घ्यायचा. घाई तर मुळीच करायची नाही. सुरुवातीचे दिवस नुसतं दार उघडून उंबरठ्यावर उभं राहण्यात गेले. मग अंगण. मग फाटक.

फाटकापाशी मावशींनी छातीवर हात ठेवला. "मला काहीतरी होतंय. श्वास पुरत नाहीये."

"माझ्याकडे बघा. समोर काय दिसतंय ते सांगा."

"तुझं नाक."

"आणखी?"

"नाकावरचा घाम."

"अहो मावशी, नीट सांगा ना!"

दोघींना हसू फुटलं. नर्सने त्यांचं मनगट हातात घेतलं. नाडी संथ, एका लयीत चाललेली. "बघा! श्वासाने काम केलं की नाही?" ती म्हणाली. इतक्या झटपट सावरलेला पेशंट तिने वॉर्डातही पाहिला नव्हता. तिला स्वतःचं भलतंच कौतुक वाटलं.

त्यानंतर दोघी रोज थोडं पुढे जाऊ लागल्या. मावशी मध्येच थांबायच्या, आणि गंमत म्हणजे नेमक्या तिथेच, जिथे नर्सलाही वाटत असायचं की आजच्यापुरतं पुरे. नर्सच्या चपलेचा पट्टा कडक झाला होता, टाचेला फोड आला. आई वरच्या खिडकीतून बघत उभी असायची आणि डोळे पुसायची. परक्या बाईसाठी एवढं काय रडायचं, असं नर्सला वाटे.

कोपऱ्यावरचा दुकानदार तर त्यांना बघून गल्ल्यावरून उठलाच. "ओहो! आज स्वारी इकडे कशी?"

"ह्यांना फिरायला आणलंय," नर्सने मावशींकडे बोट दाखवलं आणि पटकन विषय बदलला.

पुढची पायरी मोठी होती. नदीपलीकडच्या रुग्णालयात, मनोविकार वॉर्डात मावशींना पोहोचायचं होतं. उपचार तिथे होते. घरी येऊन कोणी ते देणार नव्हतं.

"आणि नाही जमलं तर?" आदल्या दिवशी मावशींनी विचारलं.

"तर याच चार भिंतींत म्हाताऱ्या व्हाल. खिडकीशी बसून दुसऱ्यांचं येणंजाणं बघत दिवस ढकलाल. आपल्याच घरात कोंडल्यासारखं." बोलता बोलता नर्सचा आवाज कापला. "मी नाही तसं होऊ देणार. काही झालं तरी नाही."

मावशींनी हात पुढे केला. "शब्द देतेस?"

"दिला."

सकाळी बसमध्ये मावशींनी खिडकीची जागा तिलाच दिली. बसचं दार बंद झालं तसे नर्सचे कान वाजायला लागले, तोंडाला कोरड पडली. जबाबदारी काय थोडीथोडकी होती! आपणच कोसळलो तर ह्या बाईचं काय होईल? तिने मावशींचा हात घट्ट धरला आणि मोठ्याने मोजायला लागली. श्वास आत, जरा थांबा, सावकाश बाहेर. मावशी तिच्याबरोबर श्वास घेत होत्या. दोघींच्या तळव्यांमध्ये घाम आला होता. पूल मागे पडला.

"शाब्बास," मावशी पुटपुटल्या.

"हे मी म्हणायचं, मावशी!"

रुग्णालयाच्या पायऱ्या त्या एकेक करून चढल्या. वॉर्डाचं काचेचं दार आलं. नर्सने दोन्ही हातांनी दार ढकललं आणि मावशींना आत घेतलं. जमलं! तिला रडू आवरेना. शेवटचं म्हणून तिने मावशींची नाडी बघितली. संथ, एका लयीत. पोहोचवलं बाई ह्यांना, एकदाचं पोहोचवलं.

टेबलामागची सिस्टर मावशींना बघून ताडकन उभी राहिली.

"या, हेडसिस्टर! संपली का रजा? वॉर्ड नुसता ओस पडला होता तुमच्याविना."

"मावशी," नर्स म्हणाली, "हे काय?"

मावशींनी पर्समधून ओळखपत्र काढून गळ्यात अडकवलं. मग तिचं मनगट अलगद हातात घेतलं, तीन बोटं नाडीवर ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिल्या.

"जोरात पळतेय," त्या हसून म्हणाल्या. "पण वर्षभर फाटकाबाहेर पाऊल न टाकलेल्या माझ्या पेशंटला एवढं माफ आहे."